क्लासिक मोटारीचे इंजिन तापते तेव्हा: निदान, मोजमाप आणि दुरुस्तीचा क्रम

जुन्या मोटारीचे इंजिन तापू लागले की बहुतेक मालक तीनपैकी एक गोष्ट करून मोकळे होतात: थर्मोस्टॅट (पाणी पुरेसे तापेपर्यंत त्याची रेडिएटरकडची वाट बंद ठेवणारी झडप) काढून टाकतात, रेडिएटरपुढे विजेचा मोठा पंखा बसवतात किंवा रेडिएटरच बदलतात. यांतला एखादा उपाय कधी लागूही पडतो. पण निदानाविना केलेला उपाय लागू पडला तरी नेमके काय बिघडले होते हे कळत नाही, आणि लागू पडला नाही तर मूळ दोषात आपण केलेल्या बदलाची भर पडते. माणसाला ताप आला की डॉक्टर आधी थर्मामीटर लावतो, ताप कोणत्या वेळी चढतो ते विचारतो आणि त्यानंतर औषधाकडे वळतो. इंजिनच्या तापालाही हाच क्रम लागू आहे आणि पुढील सारे विवेचन त्याच क्रमाने केले आहे. ते मुख्यतः पाण्याने थंड होणाऱ्या, कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि डिस्ट्रिब्युटर (प्लगांना ठिणगी वाटून देणारा भाग) असलेल्या इंजिनांसाठी आहे.

रस्त्यावर काटा चढू लागला तर

तापमानाचा काटा वर सरकताना दिसला की सर्वप्रथम वेग आणि भार कमी करावा आणि गाडीत हीटर असेल तर तो पंख्यासह पूर्ण उघडावा, कारण हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच असतो आणि तो इंजिनची काही उष्णता आत ओढून घेतो. सुरक्षित जागी थांबल्यावर कोठूनही पाणी किंवा वाफ बाहेर येत नसेल तर गिअर न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन मिनिटभर, दर मिनिटाला 1500 फेऱ्यांच्या आसपास चालवावे. त्यामुळे पंप आणि पंखा दोन्ही वेगाने फिरतात आणि काटा अनेकदा खाली येतो. वाफ किंवा पाणी उसळत असेल तर मात्र इंजिन तत्काळ बंद करावे.

गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. आतले पाणी दाबाखाली असल्यामुळे 100 अंशांच्या वर जाऊनही द्रवरूप राहिलेले असते. झाकण सैल होऊन दाब सुटताच त्यातल्या काही भागाची क्षणात वाफ होते आणि उरलेले पाणी तिच्याबरोबर चेहऱ्यावर आणि हातांवर उडते. निदान अर्धा ते पाऊण तास थांबावे, वरचा होज पाइप (इंजिनाकडून रेडिएटरकडे जाणारी रबरी नळी) दाबून तो मऊ आणि कोमट झाल्याची खात्री करावी आणि मगच जाड कापड ठेवून झाकण पहिल्या खाचेपर्यंत फिरवावे. कोरड्या पडलेल्या तप्त इंजिनात गार पाणी एकदम ओतल्यास ओतीव लोखंडाचा ब्लॉक (सिलिंडर असलेला इंजिनाचा मुख्य भाग) किंवा त्यावर बसणारे हेड तडकू शकते, म्हणून इंजिन निवाल्यावर थोडे थोडे पाणी भरावे.

येथे दोन गैरसमज आधीच दूर केलेले बरे. इंजिन बंद केल्यानंतर काटा काही अंश वर चढणे स्वाभाविक आहे, कारण पाण्याचे अभिसरण थांबते आणि धातूत साठलेली उष्णता स्थिर पाण्यात उतरते. दुसरे असे की उन्हात गाडी धक्के देत बंद पडली पण काटा मध्यावरच असेल, तर बहुधा इंधनाच्या नळीत किंवा पंपात पेट्रोलची वाफ झालेली असते. इथेनॉलमिश्रित पेट्रोल अधिक सहज बाष्परूप होत असल्याने जुन्या गाड्यांत हा त्रास वाढतो. त्याचा उपाय नळीची जागा आणि उष्णतारोधक आवरण यांत आहे, रेडिएटरमध्ये नाही.

काटा खरे बोलतो का?

एकही नट सैल करण्यापूर्वी ज्या मापकाच्या आधारावर आपण चिंता करतो आहोत तो विश्वासार्ह आहे का हे तपासावे. जुन्या गाड्यांत मापक दोन प्रकारचे असतात. पहिल्यात इंजिनमध्ये बसवलेल्या बल्बपासून डॅशबोर्डपर्यंत एक बारीक धातूची नळी जाते आणि आतल्या बाष्पाच्या दाबावर काटा हलतो. हा बल्ब काळजीपूर्वक काढून गरम पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरशेजारी धरला की मापक किती अंशांनी चुकतो ते समजते. नळीला तीव्र वाक देऊ नये, कारण ती चिरली की मापक निकामी होतो. उकळते पाणी म्हणजे 100 अंश असे गृहीत धरू नये, समुद्रसपाटीपासून 1500 मीटर उंचीवर पाणी सुमारे 95 अंशांनाच उकळते.

दुसरा प्रकार विजेवर चालणारा. साठच्या दशकापासूनच्या अनेक ब्रिटिश गाड्यांत तापमानाचा आणि पेट्रोलचा असे दोन्ही काटे एकाच व्होल्टेज स्टॅबिलायझरवर चालतात आणि तो सरासरी 10 व्होल्ट पुरवतो. डॅशबोर्ड रंगवताना या स्टॅबिलायझरची अर्थिंग तुटली की दोन्ही काटे वाजवीपेक्षा वर दाखवतात. म्हणून टाकी निम्मी असताना पेट्रोलचा काटाही बराच वर दिसत असेल, तर इंजिनला हात लावण्याआधी त्या स्टॅबिलायझरची अर्थिंग घासून स्वच्छ करावी.

यानंतर इन्फ्रारेड थर्मामीटर हाताशी ठेवावा. थर्मोस्टॅटची डबी, रेडिएटरची वरची टाकी, खालची टाकी, हेडची पुढची बाजू आणि मागची बाजू अशा पाच जागा ठरवून घ्याव्यात. चकचकीत पितळ, क्रोम किंवा ॲल्युमिनियम यांवर हे उपकरण प्रत्यक्षापेक्षा बरेच कमी तापमान दाखवते. त्या जागी मास्किंग टेपचा तुकडा चिकटवला किंवा काळ्या मॅट रंगाचा ठिपका दिला की वाचन भरवशाचे मिळते. प्रत्येक चाचणीचे आकडे, बाहेरचे तापमान आणि गाडी कशी चालवली हे वहीत लिहावे. कंटाळवाणे वाटले तरी ही वही नंतर कोणत्याही सुट्या भागापेक्षा अधिक उपयोगी पडते, कारण एका वेळी एकच बदल करून त्याचा परिणाम आकड्यांत पाहणे एवढी एकच शिस्त या कामात खऱ्या अर्थाने लागते.

तापमान किती असावे? 82 अंशांचा थर्मोस्टॅट असलेले इंजिन 80 ते 95 अंशांत राहिले तर ते पूर्णपणे निरोगी आहे. लांब चढावर ते 100 अंशांपर्यंत जाऊन उतारावर खाली येत असेल तर घाबरण्याचे कारण नाही. काटा एका जागी स्थिरावत नाही आणि चढतच जातो, तेव्हा दोष आहे असे समजावे.

ताप कोणत्या वेळी चढतो?

पेट्रोल जाळून मिळणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश क्रँकशाफ्टवर (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्यावर) काम म्हणून मिळते, एक तृतीयांश एक्झॉस्टमधून जाते आणि उरलेली एक तृतीयांश शीतकरण व्यवस्थेला बाहेर टाकावी लागते. म्हणजे गाडी तापते तेव्हा इंजिन गरजेपेक्षा जास्त उष्णता निर्माण करत असते, पाणी ती वाहून नेत नसते किंवा रेडिएटर ती हवेत सोडत नसतो. यांपैकी कोठे पाहायचे ते गाडी कधी तापते यावरून बरेचसे ठरते.

गर्दीत किंवा आयडलिंगला (उभ्या गाडीत इंजिन संथ चालू असताना) तापून मोकळ्या रस्त्यावर निवणाऱ्या गाडीत रेडिएटरमधून पुरेशी हवा खेचली जात नसते. पंखा, बेल्ट, पंख्याभोवतीचे आवरण आणि इग्निशनचे टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) यांकडे पाहावे. याउलट गर्दीत ठीक राहून वेगात किंवा चढावर तापणाऱ्या गाडीत पंख्याचा दोष जवळजवळ नसतोच, कारण त्या वेगाला हवा आपोआप मिळते. तेथे रेडिएटर किंवा ब्लॉक गाळाने भरलेला असतो, खालचा होज पाइप आत ओढला जाऊन चपटा होतो, भाराखाली मिश्रण पातळ पडते (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते) किंवा हेड आणि ब्लॉक यांमधल्या हेड गॅस्केटमधून वायू पाण्यात शिरतो. सुरू केल्यापासून पाचसात मिनिटांतच काटा टोकाला जात असेल तर बंद अवस्थेत अडकलेला थर्मोस्टॅट, हवेचा अडकलेला फुगा किंवा गॅस्केट यांवर संशय घ्यावा. आणि गाडी सर्व परिस्थितीत हळूहळू, सारखीच तापत असेल तर चाके मोकळी फिरतात का हे आधी पाहावे. चिकटलेल्या ब्रेकमुळे इंजिन सतत चढ चढल्यासारखे राबते, आणि फेरी मारून आल्यावर ब्रेक ड्रमचे तापमान एका चाकावर इतरांपेक्षा फार जास्त दिसले की उलगडा होतो.

रेडिएटरच्या दोन टाक्यांच्या तापमानांतील फरकही बोलका असतो. इंजिन तापलेले असताना वरची टाकी खूप गरम आणि खालची बरीच गार असेल, तर रेडिएटर उष्णता सोडतो आहे पण पाणी त्यातून फार संथ वाहते आहे. दोन्ही टाक्या जवळजवळ सारख्याच गरम असतील, तर पाणी वाहते आहे पण रेडिएटर उष्णता सोडत नाही किंवा त्याला हवा मिळत नाही.

पाणी, झाकण आणि बेल्ट

इंजिन थंड असताना पातळी पाहावी. ओव्हरफ्लोची बाटली नसलेल्या जुन्या रेडिएटरमध्ये पाणी तोंडापर्यंत कधीही भरू नये. गरम झाल्यावर पाणी प्रसरण पावते आणि जादा पाणी नळीतून रस्त्यावर पडते. कित्येक मालक दररोज सकाळी काठोकाठ भरतात, दररोज संध्याकाळी गाडीखाली ओल पाहतात आणि इंजिन उकळते असा निष्कर्ष काढतात. तोंडापासून सुमारे 25 मिलिमीटर खाली, पण आतल्या नळ्यांची टोके बुडालेली, ही योग्य पातळी आहे.

रेडिएटरचे झाकण हा या व्यवस्थेतला सर्वांत दुर्लक्षित भाग आहे. दाब जितका अधिक तितका पाण्याचा उत्कलनबिंदू वर जातो: प्रति चौरस इंच 4 पौंडांच्या झाकणाखाली साधे पाणी सुमारे 107 अंशांना, 7 पौंडांच्या झाकणाखाली सुमारे 112 अंशांना आणि 15 पौंडांच्या झाकणाखाली सुमारे 121 अंशांना उकळते. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली किंवा रबर कडक झाले की हे संरक्षण नाहीसे होते. प्रेशर टेस्टरवर झाकण तपासून घ्यावे आणि नवीन घेताना गाडीच्या पुस्तकात दिलेल्याच दाबाचे घ्यावे. जास्त दाबाचे झाकण लावण्याचा मोह टाळावा. त्याने इंजिन थंड होत नाही, फक्त उकळण्याची घटका लांबते आणि जुन्या रेडिएटरचे डाग (सोल्डर केलेले सांधे), हीटरची नळी आणि पंपाचे सील यांवर नसता ताण येतो. झाकणाखालच्या कॉलरची खोलीही पाहावी, कारण आखूड किंवा लांब बुडाचे झाकण दिसायला बरोबर बसते पण दाब धरत नाही.

फॅन बेल्ट सर्वांत लांब पट्ट्यात अंगठ्याने दाबल्यावर साधारण 12 ते 13 मिलिमीटर दबला पाहिजे. बेल्टच्या कडा पुलीच्या खाचेत घासल्या जाऊन चकाकत असतील किंवा बेल्ट झिजून खाचेच्या तळाला टेकत असेल, तर तो ताणूनही घसरतच राहतो, तो बदलावा.

पंखा आणि हवेची वाट

पंखा उलटा बसवलेला असणे ही कल्पनेपेक्षा अधिक आढळणारी चूक आहे. पंप बदलताना पंखा काढला जातो आणि परत लावताना पाती उलट्या दिशेला जातात. पंखा फिरतो, हवाही हलते, पण फार थोडी. इंजिन आयडलिंगला असताना रेडिएटरच्या पुढे कागद धरावा, तो जाळीला चिकटून राहिला पाहिजे. विजेचा पंखा असेल तर ही चाचणी अधिकच आवश्यक आहे. अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांची अर्थिंग पॉझिटिव्ह असते, म्हणजे बॅटरीचे पॉझिटिव्ह टोक बॉडीला जोडलेले असते, आणि आजचे पंखे निगेटिव्ह अर्थिंग गृहीत धरून बनवलेले असतात. तारा जशाच्या तशा जोडल्या तर पंखा उलट फिरून पुढून येणाऱ्या वाऱ्याशीच झुंजत राहतो. कागद धरताना सैल कपडे, केस आणि हात पंखा व बेल्टपासून दूर ठेवावेत, आणि विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो हे लक्षात असू द्यावे.

रेडिएटरच्या बाजूंची रबरी पट्टी, पुठ्ठा किंवा पत्र्याचे पडदे पूर्वीच्या एखाद्या दुरुस्तीत हरवलेले असतात. हवा नेहमी सोपी वाट धरते. रेडिएटरला वळसा घालून जाण्याइतकी फट मिळाली तर ती पितळी जाळीतून जाण्याचे कष्ट घेत नाही. या फटी बंद करणे हा माझ्या मते सर्वांत कमी खर्चात सर्वांत जास्त फळ देणारा उपाय आहे. पंख्याभोवती मूळचे आवरण असेल तर ते परत बसवावे. जाळीपुढचे मोठे दिवे आणि बिल्लेही हवा अडवतात. जाळीत अडकलेले किडे आणि चिखल इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला, हलक्या दाबाच्या पाण्याने धुवावे. जोरदार दाबाने नाजूक पत्र्या वाकतात.

थर्मोस्टॅट, होज पाइप आणि पंप

थर्मोस्टॅट काढून त्याच्यावर कोरलेला आकडा वाचावा, मग दोऱ्याला बांधून पाण्याच्या भांड्यात भांड्याच्या तळाला न टेकता लोंबता ठेवावा आणि थर्मामीटर शेजारी धरून पाणी तापवावे. आकड्याच्या दोनतीन अंश मागेपुढे तो उघडू लागला पाहिजे आणि त्यानंतर साधारण दहाबारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. अर्धवट उघडणारा थर्मोस्टॅट बाद करावा.

थर्मोस्टॅट कायमचा काढून टाकू नये. काही इंजिनांत पाणी पंपाकडे परत नेणारी बायपास वाट असते आणि थर्मोस्टॅट उघडताना त्याची बाही ती वाट बंद करते. जॅग्वारच्या जुन्या एक्सके इंजिनात असाच बाही असलेला थर्मोस्टॅट आहे. अशा इंजिनात साधा थर्मोस्टॅट बसवला किंवा तो काढलाच, तर बरेचसे गरम पाणी रेडिएटरकडे न जाता बायपासमधूनच फिरत राहते आणि इंजिन अधिकच तापते. म्हणून बदली भाग घेताना जुना भाग शेजारी ठेवून आकार जुळवून पाहावा.

खालचा होज पाइप पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. त्यात मूळची तारेची स्प्रिंग गंजून नाहीशी झालेली असेल आणि रबर मऊ पडले असेल, तर इंजिनच्या फेऱ्या वाढवताच तो चपटा होतो. बॉनेट उघडे ठेवून सहकाऱ्याला हळूच रेस देण्यास सांगावे आणि पाइपकडे पाहत राहावे. वरून तुकतुकीत दिसणारा पाइप आतून सोलवटलेला असू शकतो, म्हणून वय माहीत नसलेले पाइप सरळ बदलणे शहाणपणाचे.

पंपाच्या खालच्या बारीक छिद्रातून पाणी झिरपत असेल तर सील गेले आहे, आणि पंखा धरून पुढेमागे हलवताना खेळ जाणवला तर बेअरिंग गेले आहे. एवढे दोन दोष बाहेरून कळतात; पाती गंजून झिजलेला किंवा शाफ्टवर सैल होऊन घसरणारा इम्पेलर (पाणी ढकलणारे पंपातले चाक) पंप उतरवल्याशिवाय दिसत नाही. थंड इंजिनावर झाकण काढून इंजिन सुरू करावे आणि थर्मोस्टॅट उघडेपर्यंत वरच्या टाकीकडे लक्ष ठेवावे. उघडल्यावर रेस दिली की पाण्याचा प्रवाह स्पष्ट वाढलेला दिसला पाहिजे. आरंभीच्या काळातल्या थर्मोसायफन गाड्यांत, उदाहरणार्थ जुन्या ऑस्टिन सेव्हनमध्ये, पंपच नसतो. तेथे गरम पाणी हलके होऊन वर चढते यावरच अभिसरण चालते, म्हणून वरची टाकी नेहमी पुरेशी भरलेली आणि वाटा पूर्ण मोकळ्या असणे अनिवार्य ठरते.

रेडिएटर आणि ब्लॉकमधला गाळ

रेडिएटर गाडीतच तपासायचा असेल तर इंजिन पूर्ण गरम करून बंद करावे आणि जाळीवर ओळीने इन्फ्रारेड थर्मामीटर फिरवावा. आजूबाजूपेक्षा एकदम गार लागणारे पट्टे म्हणजे बंद झालेल्या नळ्या. रेडिएटर उतरवला असेल तर खालचे तोंड हाताने बंद करून तो भरावा आणि हात काढावा. पाणी धो धो बाहेर पडले पाहिजे. तांब्यापितळेच्या रेडिएटरची टाकी डाग सोडवून उघडता येते आणि नळ्यांतून सळई घालून त्या साफ करता येतात. पण पत्र्या बोटाने चुरगळत असतील किंवा नळ्यांपासून सुटल्या असतील, तर कितीही साफसफाई करून उपयोग नाही, कारण नळीतली उष्णता पत्रीपर्यंत पोहोचतच नाही. तेव्हा मूळच्या टाक्या कायम ठेवून नवा कोअर (नळ्या आणि पत्र्यांची जाळी) बसवून घ्यावा. रंग द्यायचा तर पातळ काळाच द्यावा. जाड रंगाचे थर उष्णता अडवतात.

ब्लॉकविषयी मात्र मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण एका चार सिलिंडरच्या गाडीने मला यात एक पूर्ण उन्हाळा घालवायला लावला. रेडिएटरला नवा कोअर, नवा पंप, नवा थर्मोस्टॅट, एवढे होऊनही ती चढावर तापतच राहिली. शेवटी वहीतले आकडे नीट पाहिले तेव्हा लक्षात आले की हेडच्या मागच्या बाजूचे तापमान पुढच्या बाजूपेक्षा प्रत्येक वेळी पंधराएक अंशांनी जास्त होते. ब्लॉकचा पाणी सोडण्याचा नळ उघडला तर थेंबही आला नाही. मागचा कोअर प्लग (ब्लॉकच्या बाजूच्या छिद्रावरचे धातूचे बूच) काढला, आणि चवथ्या सिलिंडरभोवती वॉटर जॅकेट (पाणी फिरण्याची पोकळी) निम्म्याहून अधिक उंचीपर्यंत गंज आणि ओतकामाची जुनी वाळू यांच्या घट्ट लगद्याने भरलेले आढळले. पाणी पुढून शिरते आणि मागे संथ होते, त्यामुळे गाळ नेहमी मागच्या सिलिंडरभोवती बसतो. तो कितीही रसायन फिरवले तरी पूर्ण विरघळत नाही. कोअर प्लग काढून, वाकवलेल्या तारेने खरवडून आणि पाण्याच्या धारेने धुऊनच काढावा लागतो.

म्हणून फ्लशिंगचा, म्हणजे पाण्याच्या वाटा धुऊन काढण्याचा, क्रम असा ठेवावा. इंजिन थंड असताना रेडिएटर आणि ब्लॉक या दोन्हींचे नळ उघडावेत. ब्लॉकचा नळ कोरडा निघाला तर त्यात तार घालून पाहावी, आणि तरीही पाणी आले नाही तर कोअर प्लग काढण्याची तयारी करावी. थर्मोस्टॅट काढून, रेडिएटर वेगळा ठेवून, ब्लॉकमध्ये नेहमीच्या प्रवाहाच्या उलट दिशेने पाणी सोडावे. रेडिएटरही स्वतंत्रपणे खालून वर असाच धुवावा, नाहीतर ब्लॉकमधला गाळ त्याच्या नळ्यांत जाऊन बसतो. त्यानंतर लोखंडी ब्लॉक आणि लोखंडी हेड असलेल्या इंजिनात दर लिटर पाण्याला सुमारे 50 ग्रॅम सायट्रिक ॲसिड घालून ते इंजिन गरम होईपर्यंत फिरवावे, निववून काढून टाकावे, खाण्याच्या सोड्याच्या सौम्य द्रावणाने एकदा आणि साध्या पाण्याने पाणी नितळ येईपर्यंत धुवावे. हेड ॲल्युमिनियमचे असेल तर आम्लाऐवजी त्या धातूसाठी बनवलेले क्लीनरच वापरावे. या कामानंतर एखादी नवी गळती दिसू लागली तर आश्चर्य वाटू देऊ नये. ते छिद्र आधीपासून होते, गंजाने ते बुजवून ठेवले होते.

इंजिन स्वतःच जास्त उष्णता निर्माण करते का?

शीतकरण व्यवस्था निर्दोष असूनही गाडी तापत असेल तर टायमिंग लाइट (ठिणगीच्या क्षणी चमकून टायमिंग दाखवणारा दिवा) हाती घ्यावा. ठिणगी उशिरा पडली की मिश्रण पिस्टन खाली जाताना जळत राहते, सिलिंडरची अधिक भिंत ज्वालेपुढे उघडी पडते, अतितप्त वायू एक्झॉस्ट पोर्टमधून जाताना हेडला उष्णता देऊन जातात, आणि तीच शक्ती मिळवण्यासाठी चालकाला थ्रॉटल अधिक दाबावा लागतो. आयडलिंगला टायमिंग बरोबर असणे पुरेसे नाही. फेऱ्या वाढल्यावर ते पुस्तकाप्रमाणे पुढे सरकते का हेही पाहावे. डिस्ट्रिब्युटरमधला रोटर हाताने फिरवून सोडला की स्प्रिंगने चटकन मागे आला पाहिजे, न आल्यास टायमिंग पुढे सरकवणारी आतली वजने अडकली आहेत. व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने टायमिंग पुढे सरकवणाऱ्या डबीची) नळी तोंडाने ओढून धरली असता डिस्ट्रिब्युटरमधली ब्रेकर प्लेट सरकली आणि सरकलेलीच राहिली पाहिजे. मागे आली तर पडदा फाटला आहे. क्रँकशाफ्टच्या टोकावरच्या, रबर बसवलेल्या डँपर पुलीचे बाहेरचे कडे कालांतराने घसरते आणि तिच्यावरची खूणच खोटी ठरते, म्हणून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन सर्वांत वर असताना खूण जुळते का हे एकदा प्लगच्या छिद्रातून पडताळून घ्यावे. टायमिंग फार पुढे नेणेही घातक आहे. त्याने इंजिन ठोके देते आणि पिस्टन तापतात.

पातळ मिश्रणाचे चिन्ह म्हणजे पांढरेफटक पडलेले स्पार्क प्लग. कार्ब्युरेटरच्या जेटमधला कचरा, फ्लोटची कमी पातळी आणि इनलेट मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून ओढली जाणारी हवा ही त्याची नेहमीची कारणे. इंजिन नुकतेच कोमट झालेले असताना सांध्यावर साध्या पाण्याचा अगदी बारीक फवारा मारावा. फट असेल तर क्षणभर ती बुजून आवाज बदलतो. ज्वालाग्राही फवाऱ्यांपेक्षा ही पद्धत सुरक्षित आहे, मात्र पाणी एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर जाऊ देऊ नये. ही सर्व कामे मोकळ्या हवेत करावीत, बंद गॅरेजमध्ये एक्झॉस्टचा धूर प्राणघातक ठरतो.

हेड गॅस्केट

गॅस्केटविषयी संशय असेल तर हेड उतरवण्यापूर्वी ही चाचणी करावी. थंड इंजिनावर बेल्ट काढून ठेवावा, थर्मोस्टॅट काढावा, रेडिएटर तोंडापर्यंत भरावा आणि इंजिन जास्तीत जास्त मिनिटभर चालवावे. पंप फिरत नसल्याने पाणी शांत असते. तरीही बुडबुड्यांची सततची माळ उठत असेल तर ज्वलनाचे वायू पाण्यात शिरत आहेत. रेडिएटरच्या तोंडावर धरण्याचे निळे रसायनही मिळते, पेट्रोल इंजिनच्या वायूंच्या संपर्काने ते पिवळे पडते. शेजारच्या दोन सिलिंडरांचे कॉम्प्रेशन एकदम कमी आढळले तर फट त्या दोघांच्या मध्ये आहे.

हेड उतरलेच तर सरळ पट्टी आणि फीलर गेज (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्या) घेऊन त्याचा सपाटपणा पुस्तकातल्या मर्यादेशी ताडून पाहावा आणि तडा आहे का हेही तपासून घ्यावे. नवे गॅस्केट बसवताना पाण्याची छिद्रे एकमेकांवर जुळवून पाहावीत, कारण काही इंजिनांत गॅस्केट उलटे बसते आणि पाण्याच्या वाटाच झाकून टाकते. बोल्ट दिलेल्या क्रमाने आणि दिलेल्या टॉर्कने (आवळण्याच्या जोराने), टप्प्याटप्प्याने आवळावेत.

हवेने थंड होणाऱ्या गाड्यांत यांतले बरेच प्रश्न नसतात, पण हवेच्या वाटेचा मुद्दा तिप्पट महत्त्वाचा होतो. फोक्सवॅगन बीटलसारख्या गाडीत इंजिनभोवतीचे पत्रे आणि इंजिन व बॉडी यांमधले रबरी सील जागेवर नसले की खालची तप्त हवा पुन्हा पंख्यात ओढली जाते. ते, बेल्ट, ऑइल कूलरच्या पत्र्या आणि तेलाची पातळी एवढे आधी पाहावे.

भरणे आणि रस्त्यावरची परीक्षा

साधे पाणी उष्णता वाहून नेण्यात ग्लायकोलच्या मिश्रणापेक्षा सरस असते, पण ते गंज आणते. म्हणून क्षारविरहित पाणी आणि इथिलीन ग्लायकोल निम्मे निम्मे घेणे हा व्यवहार्य मार्ग आहे. जेथे पाणी गोठण्याची भीती नाही तेथे ग्लायकोलचे प्रमाण कमी ठेवून गंजरोधक घालता येते. तांबे, पितळ आणि शिशाचे डाग असलेल्या जुन्या रेडिएटरसाठी पारंपरिक प्रकारचे कूलंटच निवडावे, नव्या गाड्यांचे दीर्घकालीन सेंद्रिय कूलंट या डागांना आणि जुन्या सीलना मानवत नाही. इथिलीन ग्लायकोल चवीला गोड पण विषारी असते, त्यामुळे काढलेले कूलंट उघड्यावर सोडू नये आणि मुले व जनावरे यांच्यापासून दूर ठेवावे.

भरताना गाडीचे पुढचे टोक किंचित उंच करावे, हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवावा, मिश्रण सावकाश ओतावे आणि मधूनमधून वरचा होज पाइप दाबून हवेचे बुडबुडे निघू द्यावेत. थर्मोस्टॅट उघडल्यावर पातळी खाली जाते; ती भरून घ्यावी आणि इंजिन पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा एकदा पाहावी.

मग परीक्षा: सावलीत उभ्या गाडीचे वीस मिनिटे आयडलिंग, मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगाने अर्धा तास आणि शेवटी एक लांब चढ. प्रत्येक टप्प्यानंतर त्याच पाच जागांचे आकडे वहीत उतरवून दुरुस्तीपूर्वीच्या आकड्यांशेजारी ठेवावेत. पहिल्या शेदोनशे किलोमीटरनंतर ब्लॉकच्या नळातून पेलाभर कूलंट काचेच्या बाटलीत काढावे आणि रात्रभर स्थिर ठेवावे. सकाळी तळाशी तांबूस गाळ दिसला तर ब्लॉक अजून स्वच्छ झालेला नाही, आणि फ्लशिंग पुन्हा करावे.